रॅकच्या तळफळीचा हिशेब

मावसभावाने भिवंडीत धामणकर नाक्याजवळ ड्रेस मटेरियलचं दुकान टाकलं तेव्हा फर्निचरचं काम दिवाळीच्या तोंडावर बारा दिवसांत उरकलं. पांढरं लॅमिनेट, चकचकीत कडा. फोटोत दुकान अगदी मॉलमधलं वाटायचं. पुढच्या जुलैत एका रात्री गटार उलटं फिरलं आणि गाळ्यात घोटाभर पाणी शिरलं. तासाभरात ओसरलंही. आठ दिवसांनी तळफळीची कड पाहिली, तर चहात बुडवलेल्या खारीसारखी पापुद्रे सुटून फुगलेली. स्क्रूला बोट लावलं तर तो हातातच आला, मागोमाग सातूच्या पिठासारखा भुसा. बिलावर फर्निचरवाल्याने ‘बोर्ड’ एवढंच लिहिलं होतं. तो पार्टिकल बोर्ड होता हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पार्टिकल बोर्ड वाईट नसतो, तो चुकीच्या उंचीवर लावला होता. सुताराकडे जाऊन आपण विचारतो, “स्क्वेअर फुटाला काय पडेल?” तोही अख्ख्या दुकानाला एकच भाव सांगतो. त्याऐवजी दुकान आडवं कापून बघा. जमिनीपासून दीड फूट पाण्याचं, वाळवीचं आणि पोछ्याचं. तिथून खांद्यापर्यंत वजनाचं. त्याच्या वर नुसतं दिसण्याचं. तिन्ही पट्ट्यांना माल वेगळा लागतो आणि भावही वेगळा.

तळाच्या पट्ट्याला आपल्याकडे हिशेबातून सूट नाही. कामवारी फुगली की तीनबत्तीच्या बाजारात आणि नदीनाक्याकडे पाणी येतं, हे नवीन सांगायला नको. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिली ते आजही गल्ला वरच्या खणात ठेवतात. इथे सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे लाकूड जमिनीला टेकूच न देणं. पावडर कोटिंग केलेले लोखंडी पाय, खाली रबरी बूट आणि पहिली फळी जमिनीपासून निदान नऊ इंच वर. खालची जागा झाकायचीच असेल तर डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसी फोम बोर्ड लावा. तो भिजून फुगत नाही, वाळवी त्याला तोंड लावत नाही. १८ मिमीला स्क्वेअर फुटामागे अंदाजे ९० ते १३० रुपये पडतील. मात्र त्याची फळी करून वर कापड रचू नका, तो प्लायपेक्षा लवकर वाकतो आणि स्क्रूही तेवढा घट्ट धरत नाही.

आता वजन. ५८ इंच पन्ह्याचं, चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणारं शर्टिंग घ्या. वीस मीटरचा तागा साडेतीन किलोच्या आसपास जातो. तीन फुटांच्या खणात असे बारा तागे रचले की बेचाळीस किलो, तेही रात्रंदिवस. फुटामागचं वजन तेवढंच ठेवून दोन फुटांचा खण तीन फुटांचा केला, तर फळीचा झोल पाचपट होतो. म्हणून फळी महाग घेण्याआधी आधार जवळ घ्या. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफला दोन फुटांवर, चांगल्या प्लायला अडीच फुटांवर. खण मोठाच हवा असेल तर १८ ऐवजी २५ मिमी फळीने झोल निम्म्याहून खाली येतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे फळीच्या पुढच्या कडेला खालून दीड इंचाची प्लायची उभी पट्टी मारणं. जुने सुतार ती न विचारता मारायचे.

प्लाय घेताना रंग बघू नका, शिक्का बघा. साधा प्लाय आयएस ३०३ चा, मरीन आयएस ७१० चा. मरीनच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. नाव शिक्क्याशी जुळलं नाही तर माल उतरवूनच घेऊ नका. १८ मिमीचा अंदाज धरायचा तर साधा प्लाय स्क्वेअर फुटाला ७० ते ९५, मरीन ११० ते १५०, लॅमिनेट चढवून आलेला पार्टिकल बोर्ड ४० ते ५५ रुपये. हे आकडे अंदाजपत्रक मांडण्यापुरते आहेत. भाव ब्रँडगणिक आणि आठवड्यागणिक हलतो, तेव्हा तीन ठिकाणी विचाराच. अख्ख्या दुकानाला मरीन लावा म्हणणारा फर्निचरवाला तुमच्या काळजीपोटी म्हणतो असं समजू नका. छताखालच्या खणात रिकामे खोके ठेवायचे असतात, तिथे पार्टिकल बोर्ड पुरतो.

एक भिंत प्रत्यक्ष मांडून बघू. लांबी बारा फूट, पाच फळ्या. म्हणजे साठ धावते फूट. भिंतीत खाचेचे उभे चॅनल, त्यांत ब्रॅकेट, वर प्लायची फळी. दर दोन फुटांवर एक धरून सात चॅनल, सात फूट उंचीचे. ४९ फूट, ७० रुपयांनी ३,४३०. ब्रॅकेट पस्तीस, ९० रुपयांनी ३,१५०. आता फळीची रुंदी, आणि पैसे वाचतात ते इथेच. आठ बाय चारच्या शीटमधून पंधरा इंचांच्या तीन पट्ट्या निघतात, म्हणजे एका शीटला २४ धावते फूट; तीन शीटमध्ये काम भागतं. हीच फळी हौसेने अठरा इंच केली की शीटमधून दोनच पट्ट्या निघतात, फूटभर रुंदीचा तुकडा वाया जातो आणि शीट चार लागतात. बरोबर सोळा इंच मागाल तर सुतार हसेल, कारण करवतीचं पातं दर कापाला तीनचार मिमी खातं. तर तीन शीट, ९६ स्क्वेअर फूट, ८५ रुपयांनी ८,१६०. वरून एक मिमीचं लॅमिनेट १,२०० चं आणि खालून हलकं ५०० चं, तीन-तीन शीट, मिळून ५,१००. खालचं वाचवू नका, एकाच बाजूला लॅमिनेट चढवलेली फळी पावसाळ्यात कमान टाकते. एजबँड, फेविकॉल, गिट्ट्या, स्क्रू धरून १,५००. मालाचे झाले २१,३४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,८४१. मजुरी दहा हजार धरली तर एकूण पस्तीस हजारांच्या घरात.

हीच भिंत खोक्याच्या बांधकामात, पाठ आणि बाजूंसकट सात फूट उंच करून घेतली की सुतार समोरचा भाग मोजतो, ८४ स्क्वेअर फूट. प्लाय-लॅमिनेटचा मालमजुरीसह भाव ९०० ते १,३०० च्या दरम्यान निघतो, म्हणजे ७५ हजारांपासून पुढे. पाठीमागची प्लाय कपड्याच्या ढिगाआड कुणालाही दिसत नाही, तिचेही पैसे तुम्हीच देता. शिवाय गाळा अकरा महिन्यांच्या करारावर असेल तर चॅनल-ब्रॅकेट उचलून नेता येतात, खोकं तिथेच तोडावं लागतं. चॅनलची अट एकच, भिंत विटेची हवी. जिप्समच्या पार्टिशनवर बारा तागे टांगलेत तर पार्टिशनच खाली येईल.

गावात माग चालतात तोवर रुई उडणार. काळं चकचकीत लॅमिनेट सकाळी पुसलं तरी दुपारी पांढुरकं दिसतं. फिक्या रंगाचं मॅट घ्या. आडव्या खाचांचं स्लॅटवॉल पॅनल दिसायला छान, पण त्या खाचांत रुई अशी बसते की नोकराला टूथब्रश घेऊन बसवावं लागतं. तयार कपडे टांगायचे असतील तर त्यापेक्षा साधी जाळी बरी.

काचेचा काउंटर मोबाइल किंवा इमिटेशन ज्वेलरीला लागतो. माथ्याला ८ मिमी टफन पुरे. १२ मिमीची काच चौरस मीटरला तीस किलो भरते, तेवढं वजन पेलायला खालचा सांगाडाही जाड लागतो. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, म्हणून सांगाडा उभा राहिल्यावरच माप द्या. स्टीलच्या पाइपात ३०४ च्या भावात २०२ गळ्यात मारण्याचा प्रकार चालतो. लोहचुंबक लावून दाखवतील, पण चुंबक दोन्हींना चिकटत नाही. जाणकार दुकानदाराकडे तपासणीच्या थेंबांची बाटली असते, ती काढायला सांगा.

जुन्या मालाचा एक फायदा भिवंडीकरांना आहे. माणकोली, दापोडे, काल्हेर पट्ट्यात एखादं गोदाम रिकामं झालं की अँगल आणि रॅक भंगारात निघतात. पत्र्याचा गेज विचारा. आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ, बावीसपेक्षा अठरा जाड. उभ्या अँगलवर नजर लावून बघा. फोर्कलिफ्टची ठोकर बसून किंचित वाकलेला अँगल फुकट दिला तरी नको. गंज घासून रंग मारता येतो, वाक सरळ केला तरी ताकद परत येत नाही.

शेवटी कागद. कोटेशनवर ‘बोर्ड’, ‘प्लाय’ असे मोघम शब्द चालवून घेऊ नका. प्रत्येक फळीचा माल, जाडी, आयएस क्रमांक, लॅमिनेटची जाडी आणि मोजणी धावत्या फुटाने की चौरस फुटाने, हे लिहून घ्या. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर हलवता येणाऱ्या रॅकवर भरलेला कर वजा करून मिळतो, कंपोझिशनवाल्याला नाही. तो कर वजा करून घेतला तर त्या रकमेवर पुन्हा घसारा लावता येत नाही. उरलेल्या किमतीवर आयकरात फर्निचरचा घसारा दहा टक्के. आणि फसवणूक झालीच तर एक अडचण ठाऊक असू द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही. पण केवळ पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेल्या दुकानासाठी घेतलेला माल कलम २(७) च्या स्पष्टीकरणाने ‘व्यापारी कारणा’तून वगळला आहे. मावसभाव स्वतःच गल्ल्यावर बसतो, म्हणून त्याला जिल्हा आयोगाचं दार उघडं होतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीही नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोनही लावून झाला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, बिलावर काय लिहिलंय?