गायकाऐवजी माईकवरच फोकस का बसतो?

प्रश्न : सोनेरी महालातल्या वेरूळ-अजिंठा महोत्सवात काढलेल्या फोटोंमध्ये माईक स्पष्ट आणि गायकाचा चेहरा पुसट आला. ऑटोफोकसचं सेटिंग कोणतं ठेवू? - एक वाचक, शहागंज

उत्तर : आधी फोटो मोठा करून बघा. माईक स्पष्ट आहे, म्हणजे फोकस चुकलाय. सगळंच फरपटलेलं दिसलं असतं, तर दोष शटरचा. तिथे ऑटोफोकस काही करू शकत नाही. उड्या मारणाऱ्या गायकासाठी शटर १/२५० च्या खाली नको, १/५०० उत्तम. आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

फोकस सतत चालणारा ठेवा : कॅननवर सर्वो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. डोळे ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा, पण माईकनं तोंड झाकलं की ती गोंधळते. तेव्हा एकच छोटा बिंदू कपाळाच्या कडेवर धरा. प्रकाश-सावलीची ती रेघ कॅमेऱ्याला चटकन सापडते. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे मध्ये हात आला तरी फोकस लगेच त्याच्यामागे धावणार नाही. फोकससाठी मागचं बटण वापरायची सवय लावा. धूर सोडला की अंगठा उचलायचा, फोकस होता तिथेच थांबतो. कॅमेऱ्याचा मदत-दिवा मात्र बंदच हवा, कलाकाराच्या डोळ्यांत जातो.

सरावाला लांब जायला नको. गणेश विसर्जनाला तुमच्याच भागात ढोलवाले टिपता येतील. टिपरू चेहऱ्यासमोरून जात असताना डोळ्यांवर फोकस टिकवून बघा.