ताजा बांगडा
बांगडा ताजा असेल, तर तो उत्तम अन्न होय. परंतु तो उन्हात पडून राहिला, म्हणजे त्याच्या मांसातील हिस्टिडिनपासून सूक्ष्म जंतू हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार करतात. असा मासा पुष्कळदा दिसण्यात वा वासात निराळा वाटत नाही. मात्र खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके दुखू लागते. शिजवल्यानेही हिस्टामिन नष्ट होत नाही.

हिस्टामिनचे विघटन करणारे एक विकर आपल्या आतड्यात असते. ज्यांच्या शरीरात ते कमी पडते, त्यांना थोडे हिस्टामिनही बाधते. अशांनी ताजे अन्न घ्यावे व पथ्य डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. मासा मात्र सर्वांसाठीच होडीवर बर्फात ठेवला पाहिजे. तेथे झालेली चूक पुढे चुलीवर सुधारत नाही.