डाव रंगायचा असेल तर

आमचा कंपू अधूनमधून एक अख्खा रविवार फक्त खेळांसाठी राखून ठेवतो. सकाळी जमायचं, पट मांडायचे, पानं पिसायची आणि दिवेलागण होऊन गेल्यावर उठायचं. फोन दुसऱ्या खोलीत. हे दिवस मला फार मोलाचे वाटतात. समोरच्याचं सगळं लक्ष आपल्या चालीवर आणि आपलं त्याच्या चालीवर, असं एरवी आता क्वचितच घडतं. पण असा दिवस आपोआप रंगत नाही. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला जोर लावून खेळता आलं, तरच रंगतो. त्यासाठी काय करावं, हे खेळता खेळता जसं उमगत गेलं तसं लिहितो आहे.

१. आधी माणसं मोजावीत, मग खेळ निवडावा.
‘कटान’ मूळच्या खोक्यात तिघा-चौघांचा, ‘अझुल’ जास्तीत जास्त चौघांचा. सहा जण जमले तर सरळ तिघा-तिघांची दोन टेबलं करावीत. सात जणांना एकत्रच बसायचं असेल, तर आंत्वान बोझाचा २०१० सालचा ‘सेव्हन वंडर्स’ काढावा. त्यात सगळे एकाच वेळी पान निवडतात आणि उरलेली पानं शेजाऱ्याकडे सरकवतात. आपली पाळी येण्याची वाट कुणालाच बघावी लागत नाही.

२. नियम शेवटाकडून सांगावेत, आणि जिंकण्याचं मर्म लपवू नये.
नवा खेळ शिकवणं हे या दिवसातलं सर्वांत अवघड काम आहे. ॲलन मूनचा ‘तिकीट टू राइड’ घ्या. २००४ साली आलेला हा आगगाडीचा खेळ मला नवख्यांसाठी सर्वांत चांगला वाटतो. आधी सांगायचं, डाव कधी संपतो: कुणाकडेही दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी. मग गुण कशाचे, ते. मग पाळीत काय करता येतं: पानं घ्या, मार्ग धरा, नाही तर दोन शहरं जोडायची नवी तिकिटं घ्या. तीनच गोष्टी, त्यातली एक. बारीकसारीक अपवाद ज्या वेळी समोर येतील त्या वेळी. एवढ्यावर डाव सुरू होतो.

पण इथे थांबू नये. एका डब्याच्या मार्गाला एक गुण मिळतो आणि सहा डब्यांच्या मार्गाला १५. म्हणजे सहा डबे सुटे सुटे वापरले तर सहाच गुण पदरात पडतात. ज्याला हे ठाऊक आहे आणि ज्याला नाही, त्यांचा सामना बरोबरीचा होत नाही. म्हणून मी हे पहिल्या पाळीआधीच सांगतो. अपुरं राहिलेलं तिकीट गुण कापतं, हेही सांगतो. काहींना वाटतं, हे ज्याचं त्याने शोधावं, त्यातच मजा. मला ते पटत नाही. मैत्रिणीला घरी बोलवायचं आणि तिला अंधारात ठेवून जिंकायचं, यात कसलं जिंकणं! शोधायला तरीही पुष्कळ उरतं.

पहिल्या डावात चाल मागे घ्यायला परवानगी असावी. दुसऱ्यापासून नको.

३. फासे आंधळे असतात, खेळाडूने असू नये.
‘कटान’ हा जर्मनीच्या क्लाउस टॉयबरचा खेळ. दातांच्या कवळ्या बनवण्याचा व्यवसाय सांभाळून हा माणूस खेळ रचायचा, आणि १९९५ साली आलेल्या या एका पटाने घराघरांतली करमणूक बदलली. त्यात दोन फाशांची बेरीज येईल त्या आकड्याच्या जमिनीतून लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज पिकतं. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. ६ पाच प्रकारे पडतो, ८ पाच प्रकारे; २ आणि १२ एकेकाच प्रकारे. सर्वांत जास्त, सहा प्रकारे पडतो ७, आणि तो पडला की पीक येत नाही, चोर हलतो. त्यामुळे पहिल्या दोन वस्त्या कुठे वसवल्या यावर डावाचा मोठा भाग ठरतो. तरी केवळ ६ आणि ८ च्या मागे धावणाऱ्यांना मी हरताना पाहिलंय. पाचही जिन्नस थोडे थोडे मिळतील अशी जागा मला अधिक भरवशाची वाटते, कारण देवाणघेवाण करताना मग अडून बसता येतं.

आणि ही देवाणघेवाणच कटानचा प्राण आहे. दुसऱ्याची पाळी चालू असतानाही तुम्हाला बोलायचं असतं, घासाघीस करायची असते. लहानपणीच्या ‘व्यापार’मध्ये दिवाळं निघालं की पोरं रडवेली होऊन खिडकीत जाऊन बसायची. कटानमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत कुणीच बाद होत नाही. दिवसभर खेळायचं असेल तेव्हा मी हा गुण सर्वांत वर धरतो.

४. सगळ्यांनी मिळून खेळायचं असेल तर एकट्याने खेळवू नये.
मॅट लीकॉकच्या ‘पँडेमिक’मध्ये जगभरातल्या ४८ शहरांत चार रोग पसरत असतात. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई चारही पटावर आहेत. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. धोका असा, की ज्याने हा खेळ बराच खेळला आहे तो सगळ्यांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे नुसते सोंगट्या हलवतात. आमचा नियम: ज्याची पाळी, तो आधी बोलेल. त्याने विचारलं तरच सल्ला. मग चेन्नई हातची गेली तरी चालेल.

५. मेंढीकोटाला कमी लेखू नये.
परदेशी खोकी हजारो रुपयांची असतात. जेवणं झाल्यावर मात्र आम्ही पत्त्यांचा साधा कॅट काढतो, आणि चालींची खोली म्हणाल तर हा खेळ कुठे उणा पडत नाही. चौघं, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला १३ पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन पकडल्या की डाव आपला, चारही पकडल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारी जोडी जिंकते.

आम्ही खेळतो त्यात हुकूम आधी ठरलेला नसतो. उतारीच्या रंगाचं पान ज्याच्याकडे नाही, तो पहिल्यांदा जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. समजा, हातात इस्पिकची पाच पानं आहेत आणि किलवर एकच. तर ते किलवर लवकर मोकळं करायचं, म्हणजे पुढच्या किलवरच्या उतारीला इस्पिक हुकूम करता येतं. हे भिडूने ओळखायचं आणि हात त्याच्याकडे आला की पुन्हा किलवरच उतरायचं. न बोलता, खुणा न करता, फक्त पडलेल्या पानांवरून! एका मित्राचे बाबा आमच्यात बसतात. त्यांना प्रत्येक रंगाची किती पानं गेली, कुणी काय टाकलं, सारं आठवत असतं. त्यांचा भिडू व्हायला मिळणं हा आमच्यात मान समजला जातो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत तर दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० गोल पानं असतात, आणि निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा, एक्का दश्शीहून थोर. ती पानं ध्यानात ठेवणाऱ्यांची बुद्धी काय तयारीची असेल!

६. चिवडा चमच्याने खावा. तेलकट बोटं लागलेली पानं पाठीमागून ओळखू येतात, आणि मग त्या कॅटने खेळण्यात अर्थ उरत नाही.

७. एका दिवसात चार नवे खेळ खेळण्यापेक्षा एकच नवा खेळ दोनदा खेळावा.
सकाळी डोकी ताजी असताना तो शिकावा आणि संध्याकाळी पुन्हा मांडावा. मधल्या वेळात माणसं त्याच खेळाबद्दल बोलत असतात: तू तो मार्ग का धरलास, मी दोन पाळ्या आधी डबे ठेवायला हवे होते का. ‘तिकीट टू राइड’मध्ये ज्या मैत्रिणीने सकाळी एक-एक डबा ठेवत डाव संपवला, ती संध्याकाळी लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्कचं २१ गुणांचं तिकीट निर्धास्त हातात ठेवते, गुपचूप पानं साठवते आणि आपल्याला हव्या असलेल्या मार्गावर आपल्याआधी सहा डबे मांडून मोकळी होते. म्हणून संध्याकाळचे दोन तास आधीपासूनच रिकामे ठेवा, आणि ज्यांना लवकर निघायचं असेल त्यांना तसं सकाळीच विचारून घ्या.