कडेचा बर्फ कच्चा

शेंडी बदकासाठी नाशिककरानं अमेरिकेत कुडकुडत उभं राहावं, हे आमच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही. नांदूर मधमेश्वरला ते दर हिवाळ्याचं पाहुणं. पण मूळचं युरोप-आशियाचं, त्यामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या कयुगा सरोवरावर वाट चुकून एखादंच येतं. आलं की माणसं ऑफिसला दांडी मारून इथाकाच्या स्टुअर्ट पार्कात तिकाटणी रोवतात.

कयुगा सुमारे ६० किलोमीटर लांब आणि सर्वात खोल जागी १३० मीटरहून जास्त. एवढं पाणी सहसा पूर्ण गोठत नाही. गोठतात ती उथळ टोकं. मग बदकं उरल्यासुरल्या मोकळ्या पाण्यात दाटी करतात. शोधणाऱ्याची चंगळच! पण टोकाकडे पाणी मोकळं राहतं ते ओढ्याच्या मुखाशी, किंवा पक्षीच सतत पोहून ते गोठू देत नाहीत म्हणून. म्हणजे पक्षी जिथे जमतात, नेमका तिथल्याच कडेचा बर्फ सर्वात कच्चा.

ओळखीतले एकजण फोटोसाठी ‘अजून थोडं पुढे’ करत ओढ्याच्या मुखाकडे सरकले. काठाशी बर्फ भक्कम होता. पुढे वर भुरभुरीत हिम पडलेलं, खालचं काही दिसेना. काखेपर्यंत आत गेले. धाप अशी लागली की हाकही मारता येईना. आम्ही काठावरूनच ओरडत होतो, “आलात तिकडेच वळा!” येताना ज्या बर्फानं वजन पेललं, तोच परतताना पेलण्याची शक्यता जास्त. कोपरं टेकवून, पाय झाडत ते पोटावर वर आले आणि लोळत काठाला लागले. उठून उभे राहिले असते तर पुन्हा आत गेले असते. गाडीपर्यंत पोचेस्तोवर पँट कडक झाली होती. बुटांच्या गोठलेल्या नाड्या चाकूनं कापाव्या लागल्या.

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा १-१०-१ हा हिशेब पाठच करा. पहिलं १ मिनिट फक्त श्वास आवरायचा, धडपड नको. पुढची १० मिनिटं हातपाय ऐकतात, त्यातच बाहेर पडायचं. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. १० सेंटिमीटर स्वच्छ, नितळ बर्फ एका माणसाला पेलतो म्हणतात. पांढऱ्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मी. बदकासाठी हे मोजायला जाऊच नये. गाडीत दोर ठेवा, आणि काठ सोडू नका.

काठावरून दिसतं, फक्त सबुरी लागते. गाडीत बसून बघत असाल तर आधी हीटर बंद करा. खिडकीतून ऊब बाहेर पडली की टेलिस्कोपमध्ये अख्खा थवा थरथरतो. मग रेडहेड आणि स्कॉप या बदकांच्या गर्दीत काळी कुळकुळीत पाठ आणि पांढरीशुभ्र कूस असलेला नर शोधा. स्कॉपची पाठ राखी असते. फसवतो तो रिंग-नेक्ड: पाठ काळीच, पण कूस करडी आणि चोचीवर पांढरं कडं. शेंडीवर भिस्त ठेवू नका, ओली झाली की ती मानेला चिकटते. शेंडी आखूड आणि पाठीवर करडी झाक दिसली, तर स्कॉपशी झालेला संकरही असू शकतो. अशा वेळी लगेच फोनाफोनी करू नये. थर्मासमधला चहा त्याचसाठी असतो.