आखाजीला घरी ये

चि. सोनू हिस,


काल दुपारी वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, सोनूने आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी कामाची पाळी मागून घेतलीय. सांगताना वहिनी रडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यात तुझ्या खोलीतल्या मुलीकडून आणखी एक कानावर आलं. दिवाळीत तू दार लावून, फोन बंद करून पडून होतीस, धड जेवलीही नाहीस. तिने तुझ्या वडिलांबद्दल, नानांबद्दल विचारलं तर म्हणालीस, ‘त्यांचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.’ खरं आहे का गं हे? खोटं असेल तर फुईला चार शब्द सुनाव, मी आनंदाने ऐकेन. खरं असेल तर पुढचं नीट वाच.

दिवाळीचं मी समजू शकते. नाना श्रावणात गेले. घरात कढई चढली नाही, भाऊबंदांनी फराळाचे डबे आणून दिले, वहिनीने ते तसेच सालदाराच्या पोरांना वाटले. तू आली नाहीस म्हणून कुणी बोललं नाही. पण आखाजी तशी नाही, सोनू. बाकीच्या सणांना गेलेल्या माणसाची उणीव भासते. हा सण आपण त्याच्यासाठीच मांडतो. या वेळी नानांची घागर भरायची आहे. पहिली घागर.

लहानपणी तूच नानांच्या मागे मागे असायचीस, तुला काय सांगायचं! कुंभाराकडून कोरी घागर आणायची, बोटाने ठोकून तिचा आवाज ऐकायचा. पाणी भरून वर डांगर ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या, आंबे ठेवायचे. चुलीतल्या निखाऱ्यावर तुपाचा घास टाकायचा. आणि हे सगळं करताना गेलेल्याचं नाव घ्यायचं. मनात नाही, मोठ्याने. आईचं, बापाचं, आजोबांचं, ज्यांना आपण पाहिलंही नाही त्यांचंही. नाना नाव घ्यायचे तेव्हा त्यांचा आवाज बसायचा, आठवतं? आणि घागर भरल्याशिवाय त्यांनी कधी आंबा तोंडाला लावला नाही. बाजारात महिनाभर आधी पेट्या आल्या तरी नाही.

अशा माणसाचं नाव काढायचं नाही म्हणतेस? मग त्या दिवशी घागरीपाशी ते कोण घेणार? वहिनी एकटी?

मला राग आला, खरंच आला. नाना गेल्यापासून ती बाई शेत सांभाळते आहे. आखाजीला सालदाराचं साल संपतं, नवं ठरतं. पैसा किती, धान्य किती, हे नानांनी कधी तिच्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं. आपला सालदार परवा येऊन ओसरीवर नुसताच बसून राहिला. ‘आता बोलायचं कुणाशी?’ एवढंच म्हणाला. त्याचाही मालक गेला आहे, बाई. तू पुण्यात दार लावून घेतलंस तरी इकडे ही माणसं ओसरीवर येतातच, आणि त्यांच्यापुढे वहिनीला उठून बसावंच लागतं.

फार बोलले का? तुझं वय काय, हे मी विसरत नाही.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. माझी आई, तुझी आजी गेली तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. पहिल्या आखाजीला नाना मुऱ्हाळी म्हणून मला न्यायला आले. मी गेले नाही. म्हटलं, आईविना कसलं माहेर? निंबाला झोका बांधलेला बघवणार नाही. नाना ओट्यावर पाणी प्याले, काही बोलले नाहीत, आले तसे एस्टीने परत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. दर वेळी माझं काही ना काही कारण होतं. मला वाटायचं, सगळ्यांत जास्त दुःख माझंच. नानांचीही तीच आई होती, हे मला फार उशिरा उमगलं. तोवर वडीलही गेले होते. ज्या आखाज्यांना वडिलांच्या शेजारी बसून आईचं नाव घेता आलं असतं, त्या मला परत मिळाल्या नाहीत. म्हणून सारखी तेच तेच सांगते आहे. दार लावून घेऊ नकोस.

तू ज्या विद्यापीठात शिकलीस त्याला ज्यांचं नाव आहे, त्या कवयित्री बहिणाबाईंचंच बघ. आसोद्याची लेक, ऐन तिशीत विधवा झाली. तिने आपलं वैधव्य गाण्यात सांगितलं, आणि आखाजीचं गाणंही तिनेच रचलं. मला त्या बाईचं फार वाटतं. अक्षरओळख नव्हती, पण आतलं आत ठेवलं नाही. शेतात, घरोट्यावर मोठ्याने म्हणत राहिली. म्हणून तर तिच्या मुलाच्या, सोपानदेवांच्या हाती ते लागलं आणि 1952 साली, ती गेल्यावर, पुस्तक निघालं.

तू हसावंस, झोक्यावर बसावंस असं कुणी म्हणणार नाही. गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणतील, पलीकडे पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतील, ते चालू राहील. तुला ते टोचेल. टोचलं तर मागच्या खोलीत जा, मी येते तुझ्यामागे. घास उतरला नाही तर नको जेवू, आमरसाची वाटी पुढ्यात राहू दे. रडू आलं तर घागरीपाशीच रड. नानांना काय, तुझं रडणं नवं आहे? दहावीच्या निकालाला रडलीस तेव्हा रात्रभर उशाशी बसले होते.

एक मात्र कर. कामावर सांगून पाळी बदलून घे. महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला उतर, तिथे तुझा चुलतभाऊ गाडी घेऊन येईल. डांगर आम्ही आणून ठेवणार नाही, ते तूच निवड. देठाकडून वास घेऊन बघायचं तुला नानांनी शिकवलंय, आमच्यातल्या कुणाला ते जमत नाही.

आणि सोनू, घरी जायच्या आधी वाटेत माझ्याकडे थांब. मला न्यायला येणारा माझा भाऊ आता नाही. या वर्षी तू ये. मी पिशवी भरून ओट्यावर बसलेली असेन, तुला पाणी प्यायलाही थांबवणार नाही.

गाडी ठरली की कळव. आणि आज रात्री जेव.

तुझी,
फुई