डिंकाचा लाडू : खुराक खरा, पण औषध नव्हे

दिवाळीचा फराळ संपतो आणि घाटावर बुलडाणा-चिखलीकडे पहाटे शेकोट्या दिसू लागतात. घाटाखाली खामगाव, मलकापूरकडेही गोधड्या निघतात. मग किराणा दुकानात डिंक, खारीक, खोबरे आणि गोडंबीची मागणी वाढते. सिंदखेडराजाचा १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव आणि पाठोपाठची संक्रांत येईपर्यंत बहुतेक घरांत लाडवांचा डबा भरलेला असतो. घरात बाळंतीण असेल तर हा डबा तिच्या नावाचाच असतो. हे लाडू नीट कसे करावेत आणि कुणी किती खावेत, याचा आज विचार करू.

साहित्य : डिंक १०० ग्रॅम, खारीक पूड २०० ग्रॅम, सुके खोबरे २०० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, साजूक तूप २०० ग्रॅम, गोडंबी किंवा बदाम ५० ग्रॅम, खसखस २५ ग्रॅम, मेथीपूड २५ ग्रॅम, थोडे जायफळ. यात साधारण ३५ लहान लाडू होतात.

कृती : मेथीपूड दोन-तीन दिवस आधी थोड्या तुपात भिजवून ठेवावी, म्हणजे कडूपणा कमी होतो. डिंक निवडून, एक दिवस उन्हात वाळवून हरभऱ्याएवढे तुकडे करावेत. मध्यम आचेवर तुपात थोडा थोडा तळावा. तो लाहीसारखा फुलला पाहिजे. एक खडा बोटाने दाबून पाहावा. आत चिकट, कडक गाठ लागली तर तो कच्चा आहे. कच्चा डिंक दाताला चिकटतो व पोटाला जड पडतो. फुललेला डिंक वाटीने चुरावा.

खोबरे किसून आणि खसखस कोरडीच भाजावी. खारीक पूड व भिजवलेली मेथी तुपावर परतून घ्यावी. शेवटी उरलेल्या तुपात किसलेला गूळ मंद आचेवर फक्त विरघळू द्यावा. पाक करू नये, नाहीतर लाडू दगडासारखे होतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चावत नाहीत. सर्व जिन्नस एकत्र करून गरम असतानाच लाडू वळावेत.

दोन सूचना. गोडंबी बाजारातून सोललेली आणावी. घरी बिबे फोडू नयेत, बिब्याचे तेल अंगावर उतते. काजूची अॅलर्जी असणाऱ्याने गोडंबी टाळावी. गूळ फार पिवळाधमक घेण्यापेक्षा गडद रंगाचा घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. वरील मापाच्या एका लाडवात सुमारे १५० कॅलरी, म्हणजे जवळजवळ एका लहान भाकरीइतकी ताकद असते. शेतात राबणाऱ्याला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला ती उपयोगी पडते. मात्र 'लाडू चालू आहेत, मग गोळ्या कशाला?' असे म्हणून अनेक घरांत बाळंतिणीच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या जातात. हा समज घातक आहे. एका लाडवातून फार तर दीड-दोन मिलिग्रॅम लोह मिळते आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची असते. ही गोळी चुकवून लाडू खाल्ला तर वजन वाढेल, पण रक्त वाढणार नाही. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली, एरवी बाईचे १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. दम लागणे, चक्कर, फिके डोळे अशी लक्षणे दिसली तर लाडू वाढवू नयेत, रक्त तपासून घ्यावे.

लाडू किंवा गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह शोषले जात नाही. जेवणात लिंबू, आवळा असावा, त्याने लोह अंगी लागते. डिंक पाणी ओढून घेतो. म्हणून बाळंतिणीचे पाणी तोडू नये, उलट भरपूर द्यावे, नाहीतर पोट साफ होत नाही.

मधुमेही मंडळी म्हणतात, 'साखर नाही, गूळच आहे, शिवाय मेथी आहे.' पण गुळाने रक्तातली साखर साखरेसारखीच वाढते. गूळ व खारीक मिळून एका लाडवात अडीच-तीन चमचे साखरेइतका गोडवा असतो. चिमूटभर मेथी त्याची भरपाई करू शकत नाही. अशांनी भाजलेले तीळ किंवा मूठभर शेंगदाणे खाणे बरे. गरोदर स्त्रीने मेथीचे प्रमाण फार वाढवू नये.

इतरांनी सकाळी एक लाडू दुधाबरोबर खावा. दिवसभर बैठे काम असेल तर अर्धा पुरे. लहान मुलांना बदाम-गोडंबी बारीक कुटूनच द्यावी, अख्खा तुकडा घशात अडकू शकतो. डबा कोरडा व घट्ट झाकणाचा असावा, आणि लाडू तीन-चार आठवड्यांत संपवावेत. खोबऱ्याला खवट वास आला तर ते टाकून द्यावेत.

लाडवाचा डबा फळीवर जरूर असू द्या. पण त्याच्या शेजारीच गोळ्यांचे पाकीटही ठेवा, म्हणजे लाडू हातात घेताना गोळीची आठवण राहील. मात्र दोन्ही एकदम न घेता गोळी जेवणानंतर तासाभराने पाण्याबरोबर घ्यावी.