मंजूर ते जमा

अंबाजोगाई

चि. स्नेहलला,


अक्काचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. पुण्यात कॉम्प्युटरला कॅपमधून नंबर लागला, मुलींना फी माफ आहे, आता खर्चाची काळजी मिटली, असं एका दमात सांगत होती. तिच्या आनंदावर पाणी नको म्हणून फोनवर काही बोललो नाही. पण माझी सगळी नोकरी कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. ‘फी माफ’ म्हटलं की माझं डोकं थेट, पैसे अजून आलेले नसतात त्या, पुढच्या फेब्रुवारीत जातं. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, तर तू अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस.

तुला नेमकं काय मिळणार ते आधी समजून घे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आधी ही सवलत निम्मी होती, तेव्हा निर्णय लहान नाही. पण माफ झाली ती दोनच शुल्कं. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, दिवाळीचं एसटीचं तिकीट, हे सगळं तुम्हालाच बघायचं आहे. पावती हातात आली की खिडकीतून हलायच्या आधी एकेक रकाना वाच. ‘इतर’ म्हणून काही लावलं असेल, तर त्यात काय काय आहे ते विचार. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

गावाकडच्या पोराला फीपेक्षा राहणं-खाणं जास्त अडवतं, ही गोष्ट शाहू महाराजांना फार लवकर उमगली होती. म्हणून १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघालं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजाची मुलं, यांच्यासाठीही वसतिगृहं होत गेली. आपल्याकडे फी माफीची बातमी पहिल्या पानावर येते, वसतिगृहाची येत नाही. त्यामुळे घरचा हिशेब मांडताना माफ झालेली दोन शुल्कं शून्य धरा, पण पुण्यातली खोली आणि मेस बाराही महिन्यांची धरा.

अक्का म्हणाली, अर्ज भरायला तुला संकोच वाटतो, रूमवरच्या मुली ‘सवलतवाली’ म्हणतील असं वाटतं. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करार. त्यांना तेव्हा कुणी सवलतवाला म्हटलं असेल-नसेल, करारावर सही करताना ते खाली मान घालून बसले असतील असं मला वाटत नाही. याच गोष्टीचा दुसरा भाग लोक कमी सांगतात. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. १९२० ला ते पुन्हा गेले ते पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडची उसनवारी जमवून. दुसऱ्याच्या तिजोरीतला पैसा तिच्या वेळापत्रकाने येतो आणि तिच्याच वेळापत्रकाने थांबतो. तेवढं ध्यानात ठेवलंस की संकोचाला जागा उरत नाही, हिशेबाला उरते.

आता कागद. नॉन क्रीमी लेअर आहे म्हणजे उत्पन्नाचं काम झालं, असं तुझ्या बाबांना, आमच्या दाजींना, वाटतंय. ते दोन वेगळे कागद आहेत. नॉन क्रीमी लेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र दाजींचा कंडक्टरचा पगारही येतो आणि सोयाबीनही. त्यामुळे हा दाखला चालू वर्षाचा, वेगळा काढायचा. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे ते बरं झालं, नाहीतर समितीच्या चकरा मारता मारता प्रवेश धोक्यात आलेली मुलं मी पाहिली आहेत. सगळ्या कागदांवर तुझं नाव दहावीच्या मार्कलिस्टसारखंच आहे ना, तेही बघ. आधारवर ‘स्नेहल’ आणि मार्कलिस्टवर ‘स्नेहा’ असलं की अर्ज तिथेच अडकतो.

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरताना योजना नीट निवड. दुसऱ्या प्रवर्गातली मैत्रीण राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती भरेल. ती तुझी नव्हे. तू ओबीसी विद्यार्थ्यांच्या शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या योजनेत आहेस. आणि अर्ज स्वतः भर. कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. दोन महिन्यांनी अर्ज त्रुटीसाठी परत येतो, ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि कॅफे तोवर दुसऱ्या गल्लीत गेलेला असतो. माझ्या टेबलावर रडणाऱ्या मुलांपैकी बरीच या एका कारणाने रडायची. शेवटच्या तारखेला मुदतवाढ मिळते असं सगळे सांगतील. बहुतेक वेळा मिळतेही. पण मुदतवाढीच्या भरवशावर बसलेले सगळे एकाच रात्री पोर्टलवर येतात.

बँकेचं खातं हा आणखी एक चकवा. आधार खात्याला जोडलंय आणि सरकारी पैसा त्याच खात्यात येतो, हे एकच नाही. ज्या खात्याचं आधार सीडिंग सगळ्यात शेवटी झालं, पैसा तिकडे वळतो. पुण्यात गेल्यावर कॉलेजच्या आवारात कुठली तरी बँक टेबल टाकून बसेल, फुकट पाऊच देऊन खातं उघडून घेईल, आणि तुझी रक्कम कुठल्या तरी विसरलेल्या खात्यात पडून राहील. एकच खातं ठेव. अर्ज मंजूर झाला तरी पोर्टलवर ‘रिडीम’ करायचं राहिलंय का ते बघत जा. फीची रक्कम तुझ्या खात्यात आली तर ती कॉलेजची आहे, नव्या मोबाइलची नाही.

मधला काळ मात्र खडतर असतो. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग खात्याकडे आणि शेवटी निधी असेल तेव्हा बिलाकडे जातो. ‘मंजूर’ आणि ‘जमा’ यांच्यात एखादं सेमिस्टर सहज निघून जातं. एवढा उशीर का, याचं पटणारं उत्तर मला नोकरीत असताना मिळालं नाही, निवृत्तीनंतरही नाही. सरकारला हक्क द्यायचा असतो पण वेळेवर द्यायचा नसतो, असं माझं मत झालंय. कॉलेजही अडचणीत असतं आणि ती अडचण मुलांच्या माथी मारतं. कुणी म्हणालं, ‘आत्ता पूर्ण फी भर, पैसे आले की परत देऊ’, तर भांडू नकोस, भरूही नकोस. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी हे शुल्क घेऊ नये, असं शासनाने कॉलेजांना सांगितलेलं आहे. साधा अर्ज लिही, शासन निर्णयाची प्रत जोड, आवक शिक्का मारून पोच घे. तोंडी बोलणाऱ्याला टोलवता येतं. शिक्का मारलेल्या कागदाला कुणीतरी उत्तर द्यावंच लागतं. मूळ कागदपत्रं ठेवून घेऊ देऊ नकोस. क्लार्कशी मात्र गोड राहा. तो दिवसभर शेकडो अर्ज बघतो, आणि नमस्कार करणारं पोर त्याच्या लक्षात राहतं. हे मी खात्रीने सांगतो.

आणखी एक गोष्ट, जी अक्काने फोनवर घाईत उरकली. सेतू केंद्राबाहेरचा एक माणूस म्हणे ‘उत्पन्न अडीच लाखांच्या आत बसवून देतो’, म्हणजे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-जेवणाचेही पैसे मिळतील. नाही. दाजींचा नुसता पगारच अडीचच्या वर जातो, हे गावाला माहीत आहे. खोट्या उत्पन्नाचा दाखला उघडा पडला की सगळी वसुली होते आणि माफ झालेली फीही जाते, ही झाली भीतीची बाजू. पण ती योजना ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी आहे, आणि तिच्या जागा मोजक्या असतात. तू घेतलीस तर बीडच्या कुठल्यातरी ऊसतोड मजुराच्या मुलीचं नाव यादीतून खाली सरकेल. ती मुलगी मी टेबलाच्या पलीकडे अनेकदा पाहिली आहे. त्या माणसाला नाही म्हणून सांग. दाजी संकोचत असतील, तर मी बोलतो.

एक वर्ष राहिलं तर त्या वर्षाची सवलत पुन्हा मिळत नाही, आणि दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा गणिताचा एम-थ्री जपून. तुझ्या भावाला, ओंकारलाही सांगून ठेव. पुढच्या वर्षी त्याला कुणी मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात ‘डायरेक्ट’ घालायला निघालं, तर त्यांच्या जाहिरातीत कितीही स्कॉलरशिप लिहिलेली असो, शासनाच्या या योजना तिथे लागू नाहीत. तो मुलगा आहे, त्याला तुझ्याइतकी माफीही नाही; त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

पहिल्या तीन महिन्यांच्या मेसचं मी बघतो, अक्काला त्याबद्दल काही बोलू नकोस. अर्ज सबमिट झाला की ॲप्लिकेशन आयडीचा आणि नव्या उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो पाठव. दाखल्यावर आर्थिक वर्ष कुठलं छापलंय ते मला आधी बघायचंय.

तुझा,
मामा